बीमचं काम करते म्हणजे नेमकं काय करते

दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला घरी आले की हा प्रश्न येतोच, यंदा तो हुरडा खाताना आला. आत्याच्या शेतावर गोवऱ्यांच्या आगटीभोवती सगळे बसलेलो, गरम कणसं हातावर चोळून पोरांच्या ताटलीत टाकणं चाललेलं, शेंगाचटणीचा डबा फिरत होता, आणि आत्याकडच्या मामांनी विचारलं, "बाळ, तू नेमकं काय करतीस गं तिकडं?" तोंडात हुरडा होता म्हणून थोडक्यात सांगितलं, बीम डिझाइन करते. मामा खूश. त्यांनी वरच्या मजल्याचं काम काढलंय, त्यांना वाटलं स्लॅबचा बीम, लगेच सळई किती एमएमची घालू विचारायला लागले. तिकडून अप्पा म्हणाले, "स्लॅबचा नव्हं ओ, तिचा बीम वेगळा." मला वाटलं चला, निदान अप्पांना तरी कळलंय. तर पुढं म्हणतात, "आपल्या मागाचाच असंल, कॉम्प्युटरवर करत असतील आता."

म्हणून ही पोस्ट. लै दिवस लिहीन लिहीन म्हणत होते.

माझा बीम इलेक्ट्रॉनचा. फ्री-इलेक्ट्रॉन लेझर नावाचं एक मशीन असतं, त्याला लागणारा इलेक्ट्रॉनचा झोत जन्माला घालायचा, पळवायचा, दाबून आखूड करायचा आणि न बिघडवता शेवटच्या टोकापर्यंत न्यायचा, ह्या सगळ्याचं गणित आणि सिम्युलेशन हे माझं काम. पण त्या रात्री घरी येऊन अप्पांना समजवायला बसले आणि लक्षात आलं की मामांपेक्षा अप्पा बरेच जवळ होते, म्हणजे मला वाटत होतं त्याच्यापेक्षा खूपच जवळ.

सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, मागाचा बीम म्हणजे मागाच्या पाठीमागं असतो तो मोठा रूळ, कापडाचे सगळे उभे धागे त्याच्यावर एकमेकांशेजारी गुंडाळलेले असतात. टॉवेलच्या मागाला असे दोन बीम लागतात, एक ताठ आणि एक ढिला, ढिल्याच्या धाग्यांचे टॉवेलवरचे ते लूप होतात. आमचे पूर्व भागात चार माग होते, सगळे टॉवेलचे, आता दोनच उरलेत आणि तेही भाड्यानं दिलेत. लहानपणी मी शाळेतून आले की वार्पिंगवाल्याकडं, म्हणजे बीमवर धागे गुंडाळून देणाऱ्याकडं, अप्पांचा निरोप घेऊन जायचे, "बीम कधी देणार विचारलंय". त्यामुळं फिजिक्समध्ये पहिल्यांदा बीम हा शब्द आला तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो रूळच आला होता हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आधी लेझरचं उरकते. साध्या लेझरमध्ये प्रकाशाचा रंग अणू किंवा स्फटिक ठरवतो, आपण फार तर कुठला घ्यायचा ते निवडायचं. इथं इलेक्ट्रॉन कुठल्या अणूला बांधलेलाच नसतो, म्हणून फ्री. तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं येतो आणि चुंबकांच्या लांबलचक रांगेतून जातो, उत्तर दक्षिण उत्तर दक्षिण अशी आलटून पालटून रांग, तिला अंड्युलेटर म्हणतात, त्यात तो नागमोडी चालतो आणि प्रत्येक वळणाला प्रकाश फेकतो. स्टॅनफर्डच्या जॉन मेडीनं १९७१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९७७ मध्ये त्याच्या ग्रुपनं तसा लेझर चालवून दाखवला, ३.४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे इन्फ्रारेड. तिथनं एक्स-रेपर्यंत यायला अजून ३२ वर्षं लागली, एप्रिल २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक लॅबचा एलसीएलएस नावाचा एक्स-रे लेझर पहिल्यांदा पेटला, तरंगलांबी दीड अँगस्ट्रॉम, म्हणजे साधारण अणूच्या मापाची. तिथं साठच्या दशकातला तीन किलोमीटरचा जुना अ‍ॅक्सिलरेटर होता, त्याचा शेवटचा एक किलोमीटर ह्या कामाला घेतला. ही सूचना क्लाउडिओ पेलेग्रिनीनं १९९२ मध्येच केली होती. मधल्या १७ वर्षांत अडलं कुठं, तर बऱ्याच अंशी बीमपाशी, आणि तेच मला सांगायचंय.

रंगाचं गणित मात्र मला अजूनही भारी वाटतं. एलसीएलएसच्या अंड्युलेटरमध्ये चुंबकांचा एक फेरा तीन सेंटिमीटरचा. इलेक्ट्रॉनची एनर्जी १३.६ जीईव्ही, म्हणजे १३६० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरा, ती स्थिर इलेक्ट्रॉनच्या एनर्जीच्या २६,६०० पट, ह्या पटीला गॅमा म्हणतात. तीन सेंटिमीटरला गॅमाच्या वर्गाच्या दुपटीनं भागायचं, ही दुप्पट येते १४० कोटींच्या थोडी वर, मग चुंबकाच्या ताकदीप्रमाणे उत्तर थोडं वाढवायचं, इथं सातपट, आणि येतं बरोबर दीड अँगस्ट्रॉम. बोटभर रुंद चुंबकातून अणूएवढी लाट! हे मी बारावीच्या एका मुलाला कागदावर करून दाखवलं होतं, तो म्हणाला मॅडम भागाकार चुकला असेल.

पण नुसता प्रकाश निघणं म्हणजे लेझर नव्हे. आमच्या घरी रात्री झोपताना शेडचा आवाज यायचा, चार माग, चौघांचे ठोके वेगळे, नुसता गलका. इलेक्ट्रॉनांचंही तसंच, प्रत्येकानं आपापल्या मनानं प्रकाश फेकला तर शंभर जणांचा शंभरपट होतो. तेच सगळे एका ठोक्यात आले तर शंभराचा शंभरपट नाही, दहा हजारपट होतो. मागांना एका ठोक्यात आणणारं कुणी नसतं, इथं मात्र तो प्रकाशच इलेक्ट्रॉनांना ओळीत लावतो: थोडा प्रकाश निघतो, तो काही इलेक्ट्रॉनांना पुढं ढकलतो काहींना मागं ओढतो, त्यामुळं ते एकेका तरंगलांबीच्या अंतरावर पातळ पातळ थरांत गोळा होतात, थर झाले की प्रकाश वाढतो, प्रकाश वाढला की थर आणखी घट्ट होतात, असं करत करत शेवटी गलक्यातून एक ठोका तयार होतो. एक्स-रेसाठी हे एका फेरीतच व्हावं लागतं कारण एक्स-रे परत परत मागंपुढं उडवायला साध्या लेझरसारखे आरसे मिळत नाहीत, म्हणून अंड्युलेटर शंभर मीटरच्या वर लांब.

आणि हे सगळं होतं कधी, तर बीम चांगला असेल तरच. नाहीतर शंभर मीटर गेल्यावरही गलका तो गलकाच.

चांगला म्हणजे काय हे अप्पांना सांगताना मी म्हटलं, तीन गोष्टी. दाटी पाहिजे, झोत बारीक आणि समांतर पाहिजे, आणि सगळ्यांची एनर्जी सारखी पाहिजे, दहा हजारात एखाद-दुसऱ्याच भागाचा फरक चालतो. अप्पा लगेच म्हणाले, "म्हणजे धागे दाट, सरळ, आणि ताण सगळ्याला सारखा." मी गप्पच बसले. माझ्या थिसिसचा पहिला चॅप्टर ह्याच वाक्याचा होता, फक्त ४० पानांचा.

ह्यातली दुसरी गोष्ट सगळ्यात चिवट. झोताचा घेर आणि त्याचा फाकलेपणा ह्यांचा गुणाकार म्हणजे एमिटन्स. लेन्ससारखे चुंबक लावून झोत एका जागी बारीक करता येतो पण मग तो पुढं जास्त फाकतो, फाकणं कमी करायला गेलं की घेर वाढतो, गुणाकार काही हटत नाही. पळवल्यावर सगळे इलेक्ट्रॉन पुढच्या दिशेला जोरात जातात म्हणून झोत सडपातळ होतो खरा, पण तो हिशोब वजा करून जो आकडा उरतो, नॉर्मलाइज्ड एमिटन्स म्हणतात त्याला, तो तसाच राहतो. म्हणजे चुंबकानं, एनर्जीनं, पैशानं कशानंच तो खाली येत नाही, वाढायला मात्र हजार निमित्तं. एक्स-रेला हा आकडा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास लागतो, आणि तो झोताच्या जन्मापासून तसा असायला लागतो.

अप्पांचं ह्यावरचं मत: "वार्पिंगला राहिलेली खोड मागावर निघत नसती." त्यांनी ते एमिटन्सबद्दल म्हटलंच नव्हतं, कुठल्यातरी जुन्या वार्परला शिव्या घालता घालता म्हटलं होतं, पण मी ते वहीत लिहून घेतलं.

म्हणून ह्या कामातला माझा जीव सगळा गनमध्ये. गन म्हणजे जिथं इलेक्ट्रॉन जन्मतात ती तांब्याची डबी, हातात मावेल एवढीच. तिच्या मागच्या भिंतीवर चकाचक पॉलिश केलेलं तांबं, त्याच्यावर अतिनील लेझरचा ठिपका पडतो, २५३ नॅनोमीटरचा, व्यास मिलिमीटरभर, आणि तो काही पिकोसेकंदच टिकतो. तेवढ्यात २५० पिकोकुलोंब चार्ज बाहेर पडतो. ऐकायला चिल्लर वाटतं पण मोजले तर १५६ कोटी इलेक्ट्रॉन होतात, आपल्या देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त, आणि हे सगळे मिलिमीटरभर जागेत, सगळ्यांचा चार्ज एकच, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्यापासून लांब पळायचंय. जन्मल्या जन्मल्या भाऊबंदकी.

इथं धाग्यांची उपमा संपते, धागे एकमेकांना ढकलत नाहीत.

ह्या भाऊबंदकीवर खरा उपाय एकच, लवकर पळवा. वेग प्रकाशाच्या जवळ गेला की एकमेकांना ढकलणारं विद्युतबल आणि जवळ ओढणारं चुंबकीय बल जवळजवळ एकमेकांना खोडतात, उरलेलं ढकलणं गॅमाच्या वर्गानं कमी होत जातं. म्हणून त्या डबीत रेडिओ लाटांनी, आम्ही आरएफ म्हणतो, मीटरला साडेअकरा कोटी व्होल्टच्या आसपास फील्ड चढवतात. इलेक्ट्रॉन डबीतून बाहेर येईपर्यंत ६ एमईव्हीला, म्हणजे ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टला पोचलेला असतो, वीतभर अंतरात सगळा संसार.

आता ठिपका केवढा ठेवायचा? मोठा ठेवला तर दाटी कमी, पण तांब्यातून निघताना इलेक्ट्रॉन थोडे इकडंतिकडं फाकूनच निघतात, ठिपका जितका रुंद तितका हा जन्मजात एमिटन्स जास्त. लहान ठेवला तर जन्मजात कमी, पण दाटीमुळं ढकलाढकली जास्त. पल्स लांब केली तर दाटी कमी होते पण मग पुढं दाबायला तेवढीच जास्त. असं कुठूनही ओढा, दुसरीकडं उघडं पडतं. आमचं डिझाइन म्हणजे बहुतेक वेळा हीच ओढाताण, शंभर-दोनशे रन लावायचे आणि कुठला कोपरा कमी वाईट आहे ते बघायचं.

आणि मग सोलेनॉइड, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा चुंबक. हा माझा सगळ्यात आवडता भाग, इथं थोडं थांबते. १५६ कोटींचा तो पुंजका लांबीत कापला, काकडीच्या चकत्यांसारखा, तर मधल्या चकतीत दाटी जास्त म्हणून ती जास्त फाकते, टोकाच्या चकत्या कमी. प्रत्येक चकती स्वतःपुरती चांगलीच असते, पण सगळ्या वेगवेगळ्या प्रमाणात फाकल्यामुळं एकूण झोत विस्कटलेला दिसतो, उघडलेल्या पंख्यासारखा. लोकांना आधी वाटायचं झोत बिघडला. १९८९ मध्ये लॉस अलामॉसच्या ब्रूस कार्ल्स्टननं दाखवलं की हा बिघाड परत फिरवता येतो, गनच्या तोंडाशी सोलेनॉइड ठेवायचा, पाव टेस्लाच्या आसपासचा, तो सगळ्या चकत्यांना आत वळवतो, आत जाता जाता मधल्या चकतीवर परत दाटीचा जोर पडतो, आणि पुढं ठरावीक अंतरावर पंखा आपोआप मिटतो. बरोबर त्याच ठिकाणी पुढच्या अ‍ॅक्सिलरेटरचं तोंड पाहिजे, म्हणजे मिटलेला पंखा लगेच जोरात पळवला जातो आणि तसाच गोठतो. दहा सेंटिमीटर पुढंमागं झालं तरी ग्राफवर लगेच कळतं. सोलेनॉइडचा करंट टक्क्यानं हलवला तरी कळतं. हा ग्राफ खाली येऊन बरोबर पाहिजे तिथं तळ गाठतो तो क्षण मी शंभर वेळा बघितलाय आणि अजून कंटाळा आलेला नाही.

त्या डबीचं आणखी एक नखरेल प्रकरण म्हणजे तापमान. डबीचा नाद, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला ती घुमते ती, २८५६ मेगाहर्ट्झचा, आणि तांबं तापलं की फुगतं, एक डिग्री वाढली की नाद ४८ किलोहर्ट्झच्या आसपास घसरतो, म्हणून कूलिंगचं पाणी डिग्रीच्या छोट्याशा अंशात धरून ठेवावं लागतं. हे सांगितल्यावर माझा चुलतभाऊ म्हणाला सोलापुरात बांधा की एक, जागा लै आहे. बांधू की, मे महिन्यात बाहेर ४४ डिग्री आणि नळाला पाणी चार-पाच दिवसाआड.

बरं, गनमधून पुंजका निघतो तेव्हा तो दोनेक मिलिमीटर लांब असतो, करंट ३५ अँपिअर. लेझरला लागतात ३००० अँपिअर. म्हणजे पुंजका दाबून पंचवीस मायक्रॉनवर आणायचा, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याला. आता प्रकाशाच्या वेगानं पळणाऱ्या गोष्टीला दाबणार कसं, मागच्यांना जास्त वेगानं पळ म्हणायची सोयच नाही, सगळेच कमाल वेगाला. तर युक्ती अशी की पळवतानाच पुढच्यांना थोडी कमी एनर्जी द्यायची आणि मागच्यांना थोडी जास्त, मग चार चुंबकांचा एक वळसा घालायचा, त्यात कमी एनर्जीवाले जास्त वळतात म्हणून त्यांना लांबचा रस्ता पडतो, जास्त एनर्जीवाले थोडक्यात जातात, आणि वळशातून बाहेर पडेपर्यंत मागच्यांनी पुढच्यांना गाठलेलं असतं. वेग कुणाचाच वाढला नाही, रस्ताच वेगळा पडला. एलसीएलएसमध्ये असे दोन वळसे आहेत, एक २५० एमईव्हीला आणि दुसरा चार-साडेचार जीईव्हीला. सगळं एकदम पहिल्याच ठिकाणी दाबलं तर ढकलाढकलीनं विस्कटतं, सगळं शेवटी ठेवलं तर लांब पुंजक्यावर आरएफ लाटेचा बाक उमटतो. तो बाक सरळ करायला पहिल्या वळशाच्या आधी चौपट फ्रिक्वेन्सीचा एक छोटा तुकडा घालतात, तो झोताला थोडा ब्रेक मारतो, म्हणजे पळवण्याच्या मशीनमध्ये मुद्दाम एक ब्रेक.

आणि वळशात नवीन पंचाईत. वळताना इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतात, शेपटीचा प्रकाश सरळ जातो आणि इलेक्ट्रॉन वळून जातात, म्हणजे शेपटीच्या प्रकाशाला जवळचा रस्ता पडतो आणि तो डोक्याला गाठून त्याची एनर्जी बिघडवतो. मागून येऊन पुढच्याच्या डोक्यावर बसणं, कॉर्पोरेटमधल्या मैत्रिणींना हे लगेच कळलं.

ह्याच्याहून बेरकी प्रकार म्हणजे मायक्रोबंचिंग. पुंजक्यात सुरुवातीला बारीकशी उंचसखल असते, ती दाबताना फुगत जाते, आणि इलेक्ट्रॉनांची एनर्जी फारच एकसारखी असेल तर ती जास्तच फुगते. म्हणजे गन जास्त चांगली झाली म्हणून त्रास वाढला! त्यावरचा उपाय ऐकून अप्पा हसले होते. १३५ एमईव्हीला झोतावर मुद्दाम लेझर टाकून त्याची एनर्जी थोडी विस्कटतात, काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टची विस्कट वीसेक हजारांवर नेतात, लेझर हीटर म्हणतात त्याला. अप्पा म्हणाले, "खळ दिल्यागत." अगदी. सुताला खळ देतात म्हणजे कापडात नको असलेली गोष्टच मुद्दाम लावतात, का तर मागावर सूत टिकावं. फक्त खळ नंतर धुऊन जाते आणि आमची विस्कट कायमची, म्हणून ती अगदी मोजून मापून द्यावी लागते.

आता ह्याच मायक्रोबंचिंगनं माझी काय गत केली ते सांगते, ते सांगितल्याशिवाय पोस्ट खोटी होईल. पहिल्या वर्षाची गोष्ट. दुसऱ्या वळशानंतर माझ्या पुंजक्याच्या करंटच्या ग्राफवर दाते दिसायला लागले, करवतीसारखे. मी हरखले, मला वाटलं आपल्याला इन्स्टॅबिलिटी सापडली. तीन आठवडे मी आरएफची फेज बदल, वळशाचा कोन बदल, हीटर वाढव असं करत होते, हीटर वाढवला की दाते कमी व्हायचे, म्हणजे पक्कंच की, पुस्तकात लिहिलंय तसंच. बावीस स्लाइड केल्या. मीटिंगमध्ये चौथ्या स्लाइडला एका सीनियरनं विचारलं, मॅक्रोपार्टिकल किती घेतलेत? मी म्हटलं दोन लाख. ते काही बोललेच नाहीत, नुसतं कागदावर एक भागाकार करून कागद माझ्याकडं सरकवला. १५६ कोटी भागिले दोन लाख, ७८००. म्हणजे माझ्या सिम्युलेशनमधला एकेक कण ७८०० इलेक्ट्रॉनांच्या जागी उभा होता, त्यामुळं पुंजक्यातली नैसर्गिक उंचसखल खऱ्यापेक्षा ७८०० च्या वर्गमुळाएवढी जास्त, म्हणजे ८८ पट. ते दाते मीच पेरले होते आणि मीच कापत बसले होते. उरलेल्या अठरा स्लाइड मी दाखवल्या नाहीत.

पन्नास लाख कण घेऊन आणि सुरुवातीला ते अगदी रँडम न टाकता हॅल्टन सिक्वेन्सनं सारखे पसरून टाकले तर दाते जवळजवळ गेले. जवळजवळ म्हणते कारण थोडे उरले, ते खरे होते, पण त्यांच्यासाठी बावीस स्लाइड लागत नव्हत्या.

तेव्हापासून कुणी देखणा ग्राफ दाखवला की मी पहिल्यांदा कणांची संख्या विचारते. उद्धट वाटत असेल, असू दे.

अंड्युलेटरबद्दल थोडक्यात, ते माझं खातं नाही. शंभर मीटरमध्ये झोत आणि त्याचा प्रकाश एकमेकांवर राहायला पाहिजेत, त्यासाठी झोताचा रस्ता पाचेक मायक्रॉनच्या आत सरळ लागतो. दुर्बीण लावून, तारा ताणून एवढं सरळ होत नाही, पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा झोताला बाक आणायला पुरतं. म्हणून झोतालाच विचारतात: त्याची एनर्जी बदलायची आणि बघायचं कुठं किती सरकला, चुंबक जिथं वाकडा बसलाय तिथं एनर्जीप्रमाणे सरकणं बदलतं, त्यावरून हिशोब करून चुंबक मायक्रॉन मायक्रॉननं हलवायचे.

आणि गन अशीच पाहिजे असंही नाही. जपानच्या साक्लानं २०११ मध्ये एक्स-रे लेझर चालवला तो फोटोकॅथोडशिवाय, म्हणजे लेझरच्या ठिपक्यानं इलेक्ट्रॉन न काढता, त्यांनी सेरियम हेक्साबोराइडचा तीन मिलिमीटरचा स्फटिक तापवून ५०० किलोव्होल्टवर इलेक्ट्रॉन काढले, जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचीच जात. सगळे लेझर-लेझर करत असताना त्यांनी हे केलं, मला त्यांचं कौतुक वाटतं. हॅम्बुर्गचं युरोपियन एक्सएफईएल २०१७ मध्ये सुरू झालं, ३.४ किलोमीटर, नायोबियमच्या सुपरकंडक्टिंग कॅव्हिटी उणे २७१ डिग्रीला, सेकंदाला २७,००० पल्स. स्लॅकनंही मग सुपरकंडक्टिंग घेतलं, एलसीएलएस-२ सप्टेंबर २०२३ मध्ये पेटलं, ते सेकंदाला दहा लाखांपर्यंत जायला बांधलंय. आपल्याकडं इंदूरच्या आरआरकॅटमध्ये इन्फ्रारेडचा फ्री-इलेक्ट्रॉन लेझर आहे, दिल्लीच्या आययूएसीत टेराहर्ट्झसाठी फोटोकॅथोड गनवर काम चाललंय. एक्स-रेवाला नाही. एकदम चौदा जीईव्हीची स्वप्नं बघण्यापेक्षा आधी गन घडवणारी, तांब्याला पॉलिश करणारी माणसं तयार होऊ देत असं माझं मत, ह्यावर कॉलेजच्या ग्रुपवर भांडण झालंय, परत काढू नका.

काय उपयोग, हे मामांनी पण विचारलंच. कितीतरी प्रोटीनचे स्फटिक इतके बारीक असतात की साध्या एक्स-रेनं चित्र निघेपर्यंत ते जळून जातात, इथं पल्स काही फेमटोसेकंदांची, स्फटिक फुटायच्या आधीच चित्र निघालेलं असतं. मामा म्हणाले, "म्हणजे फोटो काढून मग मारायचं." हो, तसंच.

काल दुपारी गनचे रन लावले होते, ठिपक्याचा व्यास आणि सोलेनॉइडचा करंट दोन्ही बदलत, अडीचशे रन. लाइट गेली. रन लांबच्या क्लस्टरवर, म्हणजे कॉम्प्युटरांच्या मोठ्या जथ्यावर असतात, त्यांना सोलापूरच्या लाइटचं काही नाही, पण मी सेशन साधंच उघडलेलं, ते तुटलं आणि त्याच्याबरोबर रनही गेले, एकशे चाळिसाव्याला. इतकी वर्षं काम करून हे. मी डोक्याला हात लावून बसले तर अप्पा विचारतात, "काय झालं, धागा तुटला का?"

"सगळा बीमच गेला अप्पा."

"मग सांधत बस," म्हणाले आणि चहा प्यायला गेले. सांधणी म्हणजे संपलेल्या बीमच्या धाग्यांना नव्या बीमचा एकेक धागा हातानं जोडणं, हजारो धागे, पाठ मोडते, माझी चुलती करायची ते. मला फक्त एकशे चाळीसपासून पुढं चालवायची स्क्रिप्ट लिहायची होती, अर्ध्या तासाचं काम.

आज सकाळी रन संपले. सोलेनॉइडचा तळ मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा थोडा डावीकडं आलाय, ठिपका १.१ मिलिमीटरला जरा बरा दिसतोय, एमिटन्स ०.४३. पन्नास लाख कणांवर परत बघायचाय. आई शेंगाचटणीचा डबा भरतीये, दीड किलो आहे, बॅगेत कुठं बसणार काय माहीत.